सिक्वेल आलाय, आधीचे गेम खेळायचे की नाही? कसं ठरवायचं

नवीन भाग आला की एकच प्रश्न सगळीकडे फिरायला लागतो, "आधीचा खेळलेला नाही, डायरेक्ट हाच घेतला तर चालेल का?" उत्तरं पण ठरलेली असतात. अर्धे लोक म्हणतात सगळे खेळ नाहीतर काय मजा, उरलेले म्हणतात काही गरज नाही, यूट्यूबवर स्टोरी बघ आणि सुरू कर. दोन्ही उत्तरं कुठल्या ना कुठल्या गेमसाठी बरोबर असतात, पण तुम्ही जो घ्यायला निघालाय त्याच्यासाठी कुठलं खरं हे त्यातून कळत नाही. मित्रमंडळींना हे ठरवायला मी बरेचदा मदत केलीये आणि त्यातून एक पद्धत बसलीये, ती इथे नीट लिहितोय.

सगळ्यात आधी, "स्टोरी कळेल का" हा प्रश्न बाजूला ठेवा. स्टोरी कळतेच. जवळपास प्रत्येक सिक्वेल नवीन माणसाला समजेल असाच बनवतात, कारण फक्त जुन्या लोकांच्या भरवशावर एवढा मोठा गेम विकला जात नाही. विचारायचं ते असं, की आधीचा सोडला तर माझं असं काय जाईल जे नंतर परत मिळणार नाही? मागे काय घडलं हे वीस मिनिटांच्या व्हिडिओत समजतं. पण एखाद्या पात्राबरोबर तीस तास काढल्यावर जो जीव जडतो तो व्हिडिओ बघून जडत नाही, आणि एखादं रहस्य एकदा फुटलं की फुटलं, ते परत न फुटलेलं होत नाही.

मास इफेक्टचं बघा, म्हणजे मला काय म्हणायचंय ते लगेच कळेल (पहिल्या भागाचा मोठा स्पॉयलर आहे, नको असेल तर हा आणि पुढचा पॅरा सोडून द्या). पहिल्या भागात, २००७ च्या, रेक्स नावाचा एक क्रोगन तुमच्या टीममध्ये येतो. त्याच्या जमातीला एक रोग लावून दिलेला आहे ज्याच्यामुळे त्यांची पोरं जगतच नाहीत. पुढे व्हरमायर नावाच्या ग्रहावर त्या रोगावरचा इलाज सापडतो आणि तुम्ही तिथे गेलेले असता ते नेमकं ठिकाण उडवायला. तो तिथे पाण्याच्या कडेला तुमच्यावर बंदूक रोखतो. तुमचं बोलण्याचं स्किल वाढवलेलं असेल, किंवा आधी त्याच्या घराण्याचं चिलखत त्याला शोधून आणून दिलेलं असेल, तर तो ऐकतो. नाहीतर तो तिथेच मरतो.

आता २०१० चा दुसरा भाग. तुम्ही त्याच्या ग्रहावर, टुचांकावर जाता. तो वाचलेला असेल तर तिथे सरदार होऊन बसलेला असतो, तुम्हाला बघून सगळ्यांना बाजूला सारत पुढे येतो, आणि ज्याने पहिला भाग खेळलाय त्याला तो क्षण किती लागतो हे शब्दांत सांगता येत नाही. तुम्ही डायरेक्ट दुसऱ्यापासून सुरू केलं तर गेम स्वतःच धरून चालतो की रेक्स मेला, त्याच्या जागी त्याचा भाऊ रीव बसलेला असतो, आणि तुम्हाला काही चुकल्यासारखं वाटतसुद्धा नाही कारण तिथे कोण असायला हवं होतं हेच माहीत नसतं! तिसऱ्या भागात, २०१२ च्या, टुचांकाचा अख्खा भाग याच्यावर उभा आहे. म्हणून ज्या सिरीजमध्ये सेव्ह पुढे नेता येतो आणि तुमचे निर्णय पुढे जातात, तिथे माझं मत ठाम आहे, पहिल्यापासून खेळा. त्यातून २०२१ मध्ये लेजेंडरी एडिशनमध्ये तिन्ही एकत्र आलेत, त्यामुळे आता अडचण पण उरली नाही.

पण प्रत्येक सिरीज मास इफेक्ट नसते. म्हणून पहिलं काम, दोन गेमचं आपसात नातं काय आहे ते शोधा.

नातं कसं ओळखायचं

दोन गोष्टी बघा, हीरो तोच आहे का आणि मधे किती काळ गेलाय. हीरो तोच आणि काळ थोडा, म्हणजे एकच कथा दोन तुकड्यांत कापलेली आहे. किंगडम कम डिलिव्हरन्स २ हे याचं स्पष्ट उदाहरण. २०१८ चा पहिला भाग हीरो हेन्रीच्या डोक्यात बदल्याची आग पेटवून देतो आणि ती न विझवता संपतो, आणि २०२५ चा दुसरा भाग तिथूनच चालू होतो. मागचं तो थोडंफार सांगतो, पण बाप मेलेला हा पोरगा कुठून कुठे आला हे तुम्ही चालून बघितलेलं नसतं. गॉड ऑफ वॉर २०१८ आणि रॅग्नारॉक, लास्ट ऑफ अस १ आणि २, रेसिडेंट ईव्हिल ७ आणि व्हिलेज, हे सगळे याच प्रकारातले. इथे आधीचा खेळाच.

यातही होरायझन वेगळा काढून सांगतो. झीरो डॉनचा (२०१७) जीवच मुळी एका प्रश्नात आहे, जुनं जग संपलं कसं? तुम्ही तीस-चाळीस तास ते एकेक पान उलगडत जाता, आणि ज्या वेळी उत्तर समोर येतं त्या वेळी खरंच सुन्न व्हायला होतं. फॉरबिडन वेस्ट (२०२२) सुरुवातीलाच हे सगळं मागचं म्हणून सांगून टाकतो. म्हणजे दुसरा आधी खेळलात तर दुसऱ्याचं काही बिघडणार नाही, पण पहिला कायमचा गेला. बरेच जण फक्त "दुसऱ्यात मला काय कळणार नाही" एवढंच बघतात, पहिल्याचं काय होईल ते बघतच नाहीत, आणि मला विचाराल तर तेच जास्त महत्त्वाचं आहे.

याच्या अगदी उलट टोकाला फक्त नाव शेअर करणारे गेम. फायनल फॅन्टसीचे नंबर बघून घाबरू नका, सोळावा खेळायला आधीचे पंधरा लागत नाहीत, नवीन नंबर म्हणजे नवीन जग नवीन माणसं (ज्याच्या नावात एक्स-२ किंवा थर्टीन-२ असं दोनदा आकडा येतो तो मात्र खरा सिक्वेल). पर्सोनाचं तसंच. घोस्ट ऑफ त्सुशिमा १२७४ मध्ये घडतो आणि घोस्ट ऑफ योतेई १६०३ मध्ये, तीनशेहून जास्त वर्षांचं अंतर आणि हीरो पण वेगळी. इथे फार विचार करायचा नाही, जो आवडतोय तो उचला.

मधला प्रकार जरा फसवा, जग तेच पण काळ बराच पुढे गेलेला. स्कायरिम ऑब्लिव्हियनच्या दोनशे वर्षांनी घडतो. बाल्डर्स गेट ३ दुसऱ्या भागाच्या शंभरहून जास्त वर्षांनी, त्यात जाहीरा आणि मिन्स्क हे जुने सोबती भेटतात, जुन्यांना ते बघून भरून येतं, नव्यांना दोन चांगली पात्रं मिळतात, कुणाचंच नुकसान नाही. असे असतील तर आधीचे सोडायला माझी काहीच हरकत नाही.

विचर ३ ला लोक नेहमी "आधीचे दोन खेळायलाच पाहिजेत" या यादीत टाकतात, मला ते पटत नाही. तिसऱ्याचा सगळा जीव सिरी आणि येनेफर या दोन पात्रांमध्ये आहे. सिरी पहिल्या दोन गेममध्ये नाहीच, येनेफर दुसऱ्यात फक्त आठवणींत येते, दोघी मूळ पुस्तकांतून आल्यात. म्हणजे दोन्ही गेम संपवून आलेला माणूस पण सिरीला नव्यानेच भेटतो. एक मात्र करा, नवीन गेम सुरू करताना विचर २ चा सेव्ह सिम्युलेट करायचा का असं विचारतात, तिथे हो म्हणा. मग सुरुवातीला महालात हीरोची, म्हणजे गेराल्टची, दाढी करताना एक अधिकारी मागच्या गोष्टींबद्दल प्रश्न विचारतो. तुम्ही द्याल ती उत्तरं गेम तुमचे जुने निर्णय म्हणून धरतो. त्यात लेथो नावाच्या माणसाबद्दल विचारलं की तो जिवंत आहे असं सांगा, पुढे त्याच्यामुळे एक छान क्वेस्ट मिळतं.

नंबर आणि नावावर जाऊ नका

किंगडम हार्ट्स ३ (२०१९) घ्यायचा म्हणून कुणी १ आणि २ खेळून गेला तर तो पहिल्या तासात गांगरणार, कारण दुसरा २००५ चा आणि मधल्या चौदा वर्षांत बर्थ बाय स्लीप, ड्रीम ड्रॉप डिस्टन्स असे नंबर नसलेले गेम हॅन्डहेल्डवर (हातात धरून खेळायच्या छोट्या कन्सोलवर) आले आणि मुख्य कथा त्यांच्यातूनच पुढे सरकली. नावाला ते साइड गेम, प्रत्यक्षात सगळा कणा त्यांच्यात.

कधी कधी तर तो दुवा अख्खा गेम पण नसतो, एक डीएलसी असतो, म्हणजे गेमला नंतर जोडलेला छोटा तुकडा. ड्रॅगन एज इन्क्विझिशनचा (२०१४) खरा शेवट ट्रेसपासर या २०१५ च्या डीएलसीमध्ये आहे, आणि त्याचा पुढचा भाग व्हेलगार्ड (२०२४) तिथून सुरू होतो. बेस गेम संपवला म्हणजे झालं असं समजून डीएलसी सोडला तर नेमका पूलच सोडला. म्हणून आधीचा खेळायचं ठरलं की त्याच्या डीएलसीपैकी कथेला लागणारा कुठला ते आधी विचारून घ्या.

फायनल फॅन्टसी सेव्हन रिमेक (२०२०) हा अजून एक चकवा. नाव रिमेक, त्यामुळे वाटतं मूळ १९९७ चा खेळायची काय गरज, हा नवीन आहेच की. पण तो जुन्या कथेशी मुद्दाम खेळतो, मूळ माहीत असलेल्याला जे वळण बघून धक्का बसतो ते वळण आहे हेच नवख्याला कळत नाही. इथे मूळ खेळलेलं बरंच, निदान त्याच्या पुढच्या भागाच्या, २०२४ च्या रिबर्थच्या आधी तरी.

प्रीक्वेल (नंतर आलेला, पण आधी घडलेली गोष्ट सांगणारा भाग) असेल तर बहुतेक वेळा बाहेर आले त्या क्रमाने खेळा, कथेतल्या सालाप्रमाणे नको. मेटल गिअर सॉलिड ३ ची कथा १९६४ ची, म्हणजे सगळ्यात आधीची, पण त्यातला हीरो पुढे कोण होणार आहे हे माहीत असल्यावरच तो शेवट काळजाला भिडतो. रेड डेडचं पण असंच आहे. दुसऱ्याची (२०१८) कथा १८९९ ची आणि पहिल्याची (२०१०) १९११ ची. दोन्ही खेळायचेच असतील तर पहिला आधी घ्या, म्हणजे दुसऱ्यात डच, जॉन, बिल यांना शेकोटीभोवती हसताना बघून पोटात कसंतरी होतं. उलट क्रमाने गेलात तर दुसऱ्याचा हीरो आर्थर, त्याच्याबरोबर एवढा काळ काढून पहिल्यात त्याचा कुणी उल्लेखसुद्धा करत नाही, हे खूप खटकतं. पण एकच खेळायचा असेल तर दुसरा खेळा, तो पूर्णपणे स्वतःच्या पायावर उभा आहे. याकुझा झीरो हा याला अपवाद, तो नंतर बनला आणि १९८८ मध्ये घडतो तरी सुरुवात तिथूनच करा. आणि याकुझाच्या बाबतीत अजून एक, लाइक अ ड्रॅगन (२०२०) नवीन हीरो घेऊन येतो म्हणून डायरेक्ट चालतो, पण त्याच्या पुढच्या इन्फिनिट वेल्थमध्ये (२०२४) जुन्या भागांचा हीरो किर्यू आपल्या सगळ्या आयुष्याकडे मागे वळून बघतो, आणि ते आयुष्य तुम्ही त्याच्यासोबत काढलेलं नसेल तर त्या आठवणींत नुसती नावं उरतात.

हे सगळं स्पॉयलर न खाता कसं शोधायचं

फॅन लोकांना "आधीचा खेळू का" असं विचारू नका, ते हो म्हणणारच, त्यांचं प्रेम आहे त्या गेमवर. असं विचारा, "नवीन गेममधली कुठली गोष्ट मला कोरडी जाईल, नाव न घेता सांग." ज्याला सांगण्यासारखं आहे तो लगेच दोन-तीन जागा सांगतो. जो "अरे रेफरन्सेस आहेत खूप" एवढंच म्हणतो, त्याचा अर्थ सरळ आहे, सोडला तरी चालेल.

विकीवर जाणार असाल तर गेमच्या पानावर सेटिंगचा भाग वाचा आणि बाहेर पडा. पात्राचं पान चुकूनसुद्धा उघडू नका, उजवीकडच्या चौकटीत जिवंत की मृत हे बऱ्याचदा लिहिलेलंच असतं. सर्च करताना पात्राचं नाव टाकलं तरी पुढचे शब्द आपोआप येतात आणि त्यातच घात होतो. यूट्यूबवर रिकॅप शोधलं की बाजूला दहा थंबनेल शेवटाचे. म्हणून रिकॅप बघायचाच तर लिंक कुणाकडून तरी मागून घ्या.

जुना गेम आज खेळवतो का?

कथा कितीही चांगली असो, हाताला त्रास होत असेल तर तुम्ही अर्ध्यात सोडणार आणि मग नवीनपण नको वाटायला लागणार. विचर १ (२००७) मध्ये मारामारी म्हणजे योग्य क्षणी क्लिक करत राहणं, कर्सरवरचा तलवारीचा आयकॉन पेटला की क्लिक, परत थांबा, परत क्लिक. काहींना ते आवडतं, बहुतेकांना दोन तासांत कंटाळा येतो. बाल्डर्स गेट १ आणि २ मध्ये तर जुने नियम, आर्मर क्लासचा (बचावाचा) आकडा जितका कमी तितकं चांगलं, आणि लढाई रिअल टाइममध्ये पॉज करत करत. तिसऱ्यातून टर्न-बेस्डची, म्हणजे आळीपाळीने चाल करायची, सवय लागलेला माणूस तिथे हमखास अडखळतो.

यावर उपाय म्हणजे आधी रिमास्टर किंवा रिमेक आहे का बघा, नसेल तर दहा मिनिटांचा साधा, कुणी मधे बडबड न करणारा गेमप्ले व्हिडिओ बघा, गेमच्या सुरुवातीचाच, पुढचा नको. तरी नक्की होत नसेल तर दोन संध्याकाळी खेळून बघा. दुसऱ्या संध्याकाळी स्वतःहून कंट्रोलर हातात घ्यावासा वाटला तर पुढे जा, "संपवायचाय म्हणून" घ्यावा लागला तर तिथेच थांबा.

उलट बाजूपण लक्षात घ्या, सिक्वेल खेळून झाल्यावर मागे जाणं अजून अवघड. टिअर्स ऑफ द किंगडममध्ये (२०२३) वस्तू जोडून गाड्या, विमानं बनवायची सवय लागली की ब्रेथ ऑफ द वाइल्ड (२०१७) मोकळा मोकळा वाटतो. आणि नकाशा पण तोच आहे, त्यामुळे ती डोंगररांग पहिल्यांदा पायी चढून पलीकडे काय आहे ते बघण्याचा आनंद एकाच गेममध्ये मिळणार. माझ्या मते तो ब्रेथ ऑफ द वाइल्डमध्येच घ्यावा. (जुना सेव्ह त्याच प्रोफाइलवर असेल तर तुमचे नोंदवलेले घोडे पुढच्या गेममध्ये तबेल्यात सापडतात, मला हे फार आवडतं.)

हाताची सवय नेहमी कामाला येतेच असं पण नाही. सिल्कसाँग (२०२५) खेळायला आधी हॉलो नाइट (२०१७) खेळून हात तयार करा असं सांगतात. पण हॉलो नाइटमध्ये खाली मारायचं तर सरळ खाली, सिल्कसाँगमधली हीरो हॉर्नेट सुरुवातीला तिरकी झेपावते, जुनी सवय उलट नडते. हॉलो नाइट खेळावा तो या कारणासाठी, की त्यातल्या ग्रीनपाथ या इलाक्यात जी तुमच्या आडवी येऊन तुम्हाला लोळवते तीच आता तुमची हीरो आहे. कथेसाठी मात्र सक्ती नाही.

वेळेचा हिशोब

हाऊ लाँग टू बीट या साइटवर गेमचं नाव टाका, फक्त मेन स्टोरीचे तास बघा, आणि त्याला तुमच्या आठवड्यातल्या खऱ्या तासांनी भागा. "सुट्टीत भरपूर खेळीन" हे तास धरू नका. पोर्टल (२००७) तीन-चार तासांत संपतो, त्यामुळे पोर्टल २ आधी त्यावर चर्चा करण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात तो खेळून होईल. पण साठ तासांचा गेम आणि आठवड्याला पाच तास म्हणजे तीन महिने, आणि तोपर्यंत नवीन गेमचे स्पॉयलर चहूबाजूंनी येऊन आदळणार. असं असेल तर निवड करा, सगळी सिरीज नको, फक्त लगेच आधीचा एक. गॉड ऑफ वॉरमध्ये रॅग्नारॉकच्या आधी २०१८ चा नक्की खेळा, ग्रीसमधल्या जुन्या भागांची गोष्ट ऐकून घेतली तरी चालते. २०१८ च्या भागात हीरो क्रेटोस घराच्या जमिनीखालून एक जुनी गोष्ट बाहेर काढतो, तिथे जुने खेळलेल्यांच्या अंगावर काटा येतो, पण त्याचा चेहरा आणि ते संगीत असं आहे की नवख्याला पण ओझं जाणवतं.

सगळे भाग सलग, एका दमात खेळू नका. असॅसिन्स क्रीडसारखी सिरीज लागोपाठ चार खेळलात तर पाचवा, जो तुम्हाला मुळात हवा होता, तो सुरू व्हायच्या आधीच तुम्ही थकलेले असता. मधे एखादा छोटा वेगळा गेम घाला, किंवा दोन आठवडे काहीच नको.

खेळायचं ठरलं तर डिफिकल्टी खाली आणायला लाजू नका, मेन स्टोरी धरा, साइड क्वेस्टमध्ये फक्त सोबत्यांची घ्या कारण पुढच्या भागात परत येतात ते सोबती, गोळा करायची पिसं आणि नाणी नाही. शेवटचा सेव्ह डिलीट करू नका आणि तो पुढच्या गेममध्ये त्याच प्लॅटफॉर्मवर लागतो का हे सुरू करायच्या आधी बघा, पीसीवर साठ तास घालवून सिक्वेल कन्सोलवर घेतलात तर ते निर्णय बऱ्याचदा तिकडे जात नाहीत.

सोडायचं ठरलं तर नीट सोडा. आधी गेममध्येच रिकॅप आहे का बघा, रॅग्नारॉकमध्ये मेनूतच आहे, किंगडम हार्ट्स ३ मध्ये मेमरी आर्काइव्ह आहे. बनवणाऱ्यांनीच केलेला रिकॅप नवीन गेमला जेवढं लागतं तेवढंच सांगतो, फॅनचा तीन तासांचा व्हिडिओ सगळंच सांगून टाकतो आणि मग पुढेमागे जुना खेळावासा वाटला तर त्यात काही उरत नाही.

आणि डायरेक्ट नवीन सुरू केला आणि मधेच वाटलं की नाही, आधीचा खेळायला हवा होता, तर काय? पहिल्या चार-पाच तासांत असं वाटलं तर बिनधास्त थांबा, मागे जा, एवढ्यात फुटलेलं बरंचसं विसरायला होतं आणि परत आल्यावर सुरुवात नव्याने करा. निम्म्याच्या पुढे गेला असाल तर मात्र मागे फिरू नका, आहे तो पूर्ण संपवा आणि आधीच्याकडे प्रीक्वेल म्हणून बघा.